वसईची जुनी ख्रिस्तमंदिरे

नाशिकच्या पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे. इ. स. १७४७ मध्ये उभारलेल्या या मंदिराच्या प्रवेशभागी एक प्रचंड घंटा टांगलेली असून तिच्यावर पोर्तुगीज अक्षरे व १७२१ हे वर्ष कोरलेले आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा आहे; तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती दिसते. भीमाशंकरच्या मंदिरापुढेही अशी घंटा आहे. या घंटा मुळात शिवालयांसाठी ओतलेल्या नव्हत्या. उत्तर कोकणातील ख्रिस्तमंदिरांच्या मनोऱ्यांतून त्या उतरल्या आणि चिमाजी अप्पांच्या वसई विजयानंतर मराठी मुलखात ठिकठिकाणी गेल्या. भाविक आजही त्या वाजवितात. ज्या मनोऱ्यांतून त्या उतरल्या ते मनोरे मात्र पाहावयास जाणारे थोडे, आणि गेलेल्यांपैकी काय पाहावे हे ठाऊक असलेले त्याहून थोडे.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये वसई व तिच्या परिसरातील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. १५३६ पासून किल्ल्याचे काम सुरू झाले. पुढील दोनशे वर्षे वसई ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'ची राजधानी होती. तटाच्या आत सरदारांचे वाडे, न्यायालय, रुग्णालय, बाजार आणि निरनिराळ्या धार्मिक संघांचे मठ असे एक संपूर्ण युरोपीय धर्तीचे शहर वसले. १७३९ च्या मे महिन्यात, सुरुंगांनी तट फोडून मराठ्यांनी तो किल्ला घेतला. शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीजांना शस्त्रे व सामानासह निघून जाण्याची मुभा मिळाली. मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक देण्यात आली. या दुसऱ्या अटीकडे पाठ्यपुस्तकांतून सहसा लक्ष दिले जात नाही. वास्तविक, वसईच्या आजच्या ख्रिस्ती समाजाचा पुढचा सारा इतिहास या अटीपासून सुरू होतो.

त्यामुळे वसईत दोन प्रकारची ख्रिस्तमंदिरे पाहावयास मिळतात. तटाच्या आतली ओसाड पडली. तटाबाहेरच्या गावांतील मंदिरे नांदती राहिली. हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज वसईची सहल पुरी होत नाही.

किल्ल्यातील सर्वांत जुने ख्रिस्तमंदिर बालेकिल्ल्यात आहे. ते मरियेच्या नावाने असून पोर्तुगीज भाषेत 'नोसा सेन्योरा द व्हिदा', म्हणजे जीवनदात्री माता, असे ते ओळखले जाई. त्याहून अधिक भरते ते दर्या दरवाजाजवळचे संत जोसेफचे मंदिर. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेने १५४६ मध्ये ते स्थापन झाले आणि १६०१ मध्ये, आलेइशो द मेनेझेस हे गोव्याचे आर्चबिशप असताना, त्याची पुनर्रचना झाली. तसा कोरीव लेखच तेथे होता. वसईचे हे मुख्य, 'मात्रिझ', म्हणजे मातृमंदिर. दर्शनी बाजूस मध्यभागी एकच उंच मनोरा आणि त्या मनोऱ्याच्या पोटातूनच मंदिरात जाण्याची वाट, अशी याची रचना आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगालमधील गावोगावच्या मंदिरांतही ती आढळते. मनोऱ्यातील दगडी चक्राकार जिना अद्याप शाबूत असला तरी त्यावर गर्दीने चढणे हे धाडसाचे नसून अविचाराचे आहे. एका वेळी एक माणूस मावेल एवढीच त्याची रुंदी.

जेझुइट संघाचे मंदिर ओळखण्याची खूण सोपी आहे. दर्शनी भिंतीवर येशूच्या नावाची तीन अक्षरांची मुद्रा कोरलेली असते. वसईच्या जेझुइट मंदिराची दर्शनी भिंत किल्ल्यातील शिल्पकामाचा सर्वोत्तम नमुना होय. कोरिंथियन धर्तीचे स्तंभ, त्यांच्या माथ्यावरील पानांची नक्षी आणि प्रवेशद्वारावरची कमान ही रोमची भाषा आहे; दगडावर छिन्नी चालविणारा हात मात्र बव्हंशी कोकणातल्या पाथरवटाचाच असणार. या मंदिरावर पुन्हा छप्पर घालण्यात आले असून ते आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. वसईत जन्मलेला, पोर्तुगीज पिता व येथील मातेचा हा पुत्र प्रथम व्यापारात पडला, पुढे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला ख्रिस्ती संत. त्याच्या सणास वसईचे भाविक किल्ल्यात जमतात आणि एरवी वटवाघळांच्या वस्तीस असलेला हा परिसर त्या दिवशी माणसांनी फुलून जातो.

फ्रान्सिस्कनांचे संत अँथनीचे मंदिर पाहताना दृष्टी वर न ठेवता खाली ठेवावी. त्याची फरसबंदी म्हणजे थडग्यांच्या शिळाच आहेत. नावे, कुलचिन्हे, मृत्यूची वर्षे, काही ठिकाणी पती व पत्नी दोघांच्या वारसांविषयीची सूचना, असा मजकूर त्यांवर कोरलेला आहे. गोव्याचे डॉक्टर जुझे गेर्सन द कुन्या यांनी चौल व वसईच्या अवशेषांवर १८७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात येथील शिलालेखांची नोंद करून ठेवली. पुढे झिजून गेलेली अनेक अक्षरे आज त्यांच्याच ग्रंथातून कळतात. व्यवसायाने वैद्य असलेल्या माणसाने हे काम हौसेने केले, हे इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांच्या मठांचेही अवशेष जवळपास आहेत. त्यांच्या भिंती उंच आहेत, पण सांगण्याजोगे तपशील कमी उरले आहेत. याच तटाच्या आत मराठ्यांच्या अमदानीतील नागेश्वराचे व वज्रेश्वरीचे मंदिर आहे, ही गोष्टही पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटू नये.

भिंती उभ्या आणि छपरे नाहीत, हे दृश्य पाहून 'लढाईत पडली असतील' असा समज होतो. तो पुष्कळसा चुकीचा आहे. कोकणातील वास्तूचा खरा शत्रू तोफ नसून पाऊस होय. वसईच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नागपूरचे पर्जन्यमान त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. अशा पावसात उतरत्या छपराची कौले दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी, फिरवून घ्यावी लागतात. वापर थांबला की कौले फिरविणारा हात थांबतो. एक कौल सरकते, तुळईच्या टोकात पाणी मुरते, वाळवी लागते, छप्पर बसते. छप्पर गेल्यावर भिंतीचा माथा उघडा पडतो आणि पाणी वरून थेट भिंतीच्या पोटात शिरते. जुन्या भिंती दोन बाजूंस घडीव दगड आणि मध्ये चुना व दगडगोट्यांची भर अशा असतात. ही भर धुपू लागली की बाहेरचे दगड फुगून सुटतात. मग पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वडा-पिंपळाचे बी फटीत रुजते आणि त्याची मुळे पाचरीसारखे काम करतात. ती मुळे नुसती वरून छाटली तर अधिक जोमाने फुटतात, आणि उपटली तर दगडही बरोबर येतात. यासाठी शास्त्रीय पद्धतीने मूळ मारून ते भिंतीतच राहू द्यावे लागते. त्यात भर म्हणून, ओसाड वास्तूचे लाकूड व घडीव दगड परिसरातील बांधकामांना उपयोगी पडत आले आहेत, हेही खरे.

या क्रमाचे वर्षवार उदाहरण गोव्यात मिळते. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनचे भव्य मंदिर धार्मिक संघांना १८३५ मध्ये बाहेर काढल्यानंतर ओस पडले. १८४२ मध्ये, म्हणजे अवघ्या सात वर्षांत, त्याची कमानदार छत कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत व मनोऱ्याचा निम्मा भाग पडला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा एक मनोरा काय तो शिल्लक आहे. कोणत्याही शत्रूने तेथे तोफ डागली नव्हती.

गिलाव्याविषयी येथेच सांगावयास हवे. पर्यटकांना उघडा, काळवंडलेला दगड 'प्राचीन' वाटतो आणि गिलावा दिलेली पांढरी भिंत 'नवी' वाटते. प्रत्यक्षात या बहुतेक वास्तू मुळात चुन्याच्या गिलाव्याने झाकलेल्या होत्या. हा गिलावा म्हणजे वास्तूची छत्रीच. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेल्या, १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेचा बाह्य गिलावा १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काढून टाकण्यात आला. उघड्या दगडाने इमारत अधिक जुनी दिसेल असा त्यामागे विचार होता. आत जांभा दगड होता. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो झिजत आला असून, गिलावा पुन्हा द्यावा की लोकांच्या परिचयाचे लाल रूप राखावे, हा वाद अलीकडच्या वर्षांत जोराने पुढे आला आहे. सौंदर्यदृष्टीने घेतलेला निर्णय सत्तर वर्षांनी असा अंगाशी येतो.

सिमेंटची डागडुजीही तितकीच घातक ठरते. चुना श्वास घेतो. त्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते. सिमेंटचा लेप ही वाट बंद करतो, ओल आत कोंडली जाते, क्षार फुलतात आणि लेपाबरोबर दगडाचा पापुद्राही सुटतो. गावातील समाजमंदिर दुरुस्त करणारा गवंडी आपल्या कामात कितीही कुशल असला, तरी चारशे वर्षांच्या भिंतीवर त्याच्या हातात सिमेंटचे घमेले देणे योग्य नव्हे. देवळे, मशिदी, वाडे या सर्वांनाच हा नियम लागू आहे. पंचायतीच्या सदस्यांनी तो ध्यानात ठेवला तर लोकवर्गणीतून केलेल्या जीर्णोद्धाराने वास्तूचेच नुकसान होण्याचे अनेक प्रसंग टळतील.

आता तटाबाहेर. रमेदी येथील मंदिराची स्थापना १५५७ ची, नंदाखालची १५७३ ची, पापडीची १५७४ ची. इमारती वेळोवेळी दुरुस्त झाल्या, वाढविल्या गेल्या, काहींचे रूप पालटले. पण छपराखालची उपासना खंडित झाली नाही. १७३९ नंतर पोर्तुगीज राज्य गेले, पेशवाई आली व गेली, इंग्रज आले व गेले. कौले मात्र दरवर्षी फिरविली गेली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा पापडीचे मंदिर त्याचे मुख्य पीठ ठरले. या गावांतील सामवेदी, वाडवळ, कोळी आदी ख्रिस्ती समाजांच्या बोली मराठीच्याच बोली आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना होऊ लागली आणि येथील वेदीवर मराठी आली. ती उपरी नव्हती. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्येच छापले गेले होते. 'सुवार्ता' हे मराठी मासिक वसईच्या ख्रिस्ती समाजाशी दीर्घकाळ निगडित असून त्याचे अनेक वर्षे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

परकीय सत्तेच्या या खुणा जतन का कराव्यात, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. प्रश्न अगदीच गैरलागू नाही. पोर्तुगीज अमदानीत देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी दडपण आणले गेले, गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायपीठ बसविण्यात आले आणि ते १८१२ पर्यंत, काही वर्षांचा खंड वगळता, चालू राहिले. सहलीच्या वेळी विद्यार्थ्यांपासून हे लपविण्याचे कारण नाही. बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे तर हा इतिहास एकाच खडकात वाचता येतो. खाली शैव लेणी, त्यांतल्याच एका भागाचे फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकात केलेले ख्रिस्तमंदिर, वर त्यांच्या मठाच्या उभ्या भिंती आणि आज पुन्हा लेण्यात शिवाची पूजा. यातला कोणताही थर खरवडून टाकला तर उरलेल्याचा अर्थ लागत नाही. चिमाजी अप्पांच्या पराक्रमाचे मोजमापसुद्धा, त्यांनी काय जिंकले हे डोळ्यांना दिसते म्हणूनच करता येते.

भेटीचे काही संकेत आहेत. नांदत्या मंदिरात रविवारी सकाळी मिस्सा चालू असताना केवळ पाहण्यासाठी आत फिरू नये. पाहावयाचे असल्यास इतर दिवशी, धर्मगुरूंना आगाऊ कळवून जावे. देवळाप्रमाणे पादत्राणे काढण्याची प्रथा येथे सर्वत्र नाही, परंतु पुरुषांनी टोपी काढावी असा शिष्टाचार आहे. वेदीच्या कठड्यापलीकडे जाऊ नये. दाराशी असलेल्या दगडी पात्रातील पाणी पवित्र मानलेले असते. लहान मुले त्यात हात धुतात, ते शिक्षकांनी पाहावे. ओसाड मंदिरांत हे निर्बंध नसले तरी ती थडग्यांची जागा आहे, एवढे भान पुरे. लेख वाचता यावा म्हणून शिळेवर खडू घासणे किंवा पाणी ओतून घासणे हे दोन्ही टाळावे. सकाळी लवकर वा उन्हे कलल्यावर तिरप्या प्रकाशात अक्षरे आपोआप उठून दिसतात. ऋतू विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सोयीचा. पावसाळ्यात किल्ला हिरवागार व रमणीय दिसतो, पण शेवाळलेल्या दगडांवर चाळीस मुलांना नेणे जोखमीचे आहे.

विदर्भातील शाळांची अडचण अंतराची. नागपूरच्या प्रताप नगरातून निघणाऱ्या सहलीला लोहमार्गाने मुंबईच ८३७ किलोमीटर, तेथून पुढे वसई. अशा वेळी प्रारंभ घरापासून करावा. शहराच्या उत्तरेस सदर भागात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे प्रधान ख्रिस्तमंदिर आहे. ते वसईहून सर्वस्वी वेगळ्या प्रवाहातून आले. पोर्तुगीजांची सत्ता येथे कधीच नव्हती. आल्प्सच्या पायथ्याशी, सव्हाय प्रांतातील आनसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या संघाचे धर्मगुरू विशाखापट्टणमच्या वाटेने मध्य भारतात आले. १८२१ मध्ये वसलेली कामठीची लष्करी छावणी त्यांच्या कार्याच्या पहिल्या ठाण्यांपैकी एक. छावणीतील आयरिश कॅथलिक शिपायांना धर्मगुरूंची गरज होती. नागपूरला १८७० मध्ये शाळा निघाली, १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९५३ मध्ये त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. वसईला गलबत आणि तट, तर नागपूरला छावणी आणि शाळा, हा फरक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता आला तर 'वसाहतवाद' या एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी मोडतात ते त्यांच्या ध्यानी येईल.

रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याला जाणाऱ्यांनी सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा पाहावा. तो फ्रान्सिस्कन मठाचा. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली अजून घराघरांत ऐकू येते. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आले, तरी ती बोली टिकली.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. वसईचा किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक कायदा व त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरांत पूर्वपरवानगी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भिंतीवर नाव कोरणे हीदेखील नासधूसच होय.

तथापि या कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या वस्तूच संख्येने अधिक आहेत. गावाच्या वेशीवरचे दगडी क्रूस, जुन्या विहिरींच्या काठावरील कोरीव शिळा, पडक्या प्रार्थनाघरांचे चौथरे यांची नोंद कोणत्याही सूचीत नसते. रस्ता रुंद करताना वा गटार खोदताना त्या एका दिवसात नाहीशा होतात, आणि काम करणाऱ्या ठेकेदारास त्या काय होत्या याची कल्पनाही नसते. मुंबई व वसई परिसरातील काही क्रूसांवर उभारणीचे वर्ष व उभारणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत; अनेक क्रूस साथीच्या रोगांतून गाव वाचल्याच्या कृतज्ञतेने वा वाचावे या प्रार्थनेने उभे राहिले. काम मंजूर करतानाच अशा वस्तूंची जागा नकाशावर दाखविणे, त्यांचे छायाचित्र दप्तरी ठेवणे आणि हलविणे अटळ असल्यास ज्या समाजाची ती वस्तू आहे त्याला विश्वासात घेऊन हलविणे, एवढे स्थानिक संस्थेला स्वतःच्या अधिकारात करता येते. छायाचित्र घेताना लेखाची बाजू अवश्य यावी. पुष्कळ दप्तरांत क्रुसाची पाठमोरी बाजूच तेवढी आढळते.